बी.एस्सी.ला जीवशास्त्राची मेजर : अकरावीपासून पदवीपर्यंत काय पाहावे, काय भरावे

जून-जुलैमध्ये भोकरच्या कोणत्याही नेट सेंटरवर तासभर बसा, एक संवाद हमखास कानावर येतो. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरताना चालक विचारतो, "ताई, मेजर कोणतं टाकू?" मुलगी मागे बघते. सोबत आलेला भाऊ म्हणतो, "तिच्या मैत्रिणीनं काय टाकलंय? तेच टाका दादा." एक क्लिक होतो आणि पुढच्या काही वर्षांची दिशा ठरते.

अशीच एक मुलगी मागे आमच्याकडे आली. तिला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करायची होती. अर्जात मात्र मेजर केमिस्ट्री, मायनर मायक्रोबायोलॉजी, आणि प्राणिशास्त्र सुटलेले. अंतिम तारखेला चार दिवस बाकी होते. लेखी अर्ज दिला, प्राचार्यांना भेटलो, दुरुस्ती झाली. दुसरा एक मुलगा मात्र वाचला नाही. अकरावीत कोणीतरी सांगितले म्हणून त्याने जीवशास्त्र सोडले होते. बारावीनंतर त्याला नर्सिंग करायचे होते. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिन्ही लागतात. गुण चांगले असूनही त्याला परत यावे लागले.

दोघांची बुद्धी कमी नव्हती. त्यांना योग्य वेळी माहिती देणारे घरात कोणी नव्हते. आपल्या वस्त्यांतील बहुतेक मुले घरातली पहिली पदवीधर होणार आहेत. त्यांच्यासाठी आणि वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आम्ही ही माहिती एकत्र केली आहे. सांगायचे मुख्य एवढेच आहे : मेजर दुसऱ्या वर्षाच्या अर्जात लिहिली जाते, पण तिची पात्रता अकरावीत ठरते आणि तिचा परिणाम नोकरीच्या जाहिरातीत दिसतो. म्हणून तिन्ही टोके एकदम पाहिली पाहिजेत.

आधी आपले विद्यापीठ समजून घेऊ

भोकरची महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे आहेत. मुख्य परिसर नांदेडजवळ विष्णुपुरी येथे आहे आणि लातूरला उपपरिसर आहे.

त्याआधी हा सगळा भाग औरंगाबादच्या विद्यापीठाखाली होता. ते १९५८ साली सुरू झाले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार झाला. त्यासाठी आपल्या मागच्या पिढीने काय सोसले, हे नांदेड जिल्ह्यातील जुन्या माणसांना विचारा. त्याच्याही आधी, मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते त्या काळात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचण्याची लढाई त्या पिढीने लढली. दाराच्या आत गेल्यावर कोणत्या वर्गात बसायचे, हे कळून घेणे आपल्या पिढीचे काम आहे.

मेजर म्हणजे नेमके काय?

पूर्वी बी.एस्सी.ला तीन विषयांचा गट असे आणि शेवटपर्यंत साधारण तेच विषय चालत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर ही रचना बदलली. महाराष्ट्रात २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने श्रेयांकांचा नवा आराखडा आला. त्यातले शब्द मुलांना घाबरवतात, म्हणून ते साध्या भाषेत सांगतो.

मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय. एकूण श्रेयांकांपैकी किमान निम्मे श्रेयांक या विषयाचे असावे लागतात. मायनर म्हणजे दुसरा विषय, साधारण १८ ते २० श्रेयांकांचा. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आपल्या विद्याशाखेबाहेरचा विषय. विज्ञानाच्या मुलाला तो वाणिज्य किंवा मानव्यविद्येतून घ्यावा लागतो. याशिवाय कौशल्याचे अभ्यासक्रम, भाषा, पर्यावरण, भारतीय ज्ञान प्रणाली, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि क्षेत्र प्रकल्प असतात.

श्रेयांक म्हणजे अभ्यासाच्या तासांचे माप. थिअरीचा एक श्रेयांक साधारण १५ तासांचा, प्रॅक्टिकलचा ३० तासांचा. एका सत्रात २० ते २२ श्रेयांक असतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक लागतात.

'जीवशास्त्र' नावाची मेजर शोधत बसू नका

बारावीपर्यंत पुस्तकावर 'जीवशास्त्र' असे एकच नाव असते. आपल्याकडच्या महाविद्यालयांत पदवीला आल्यावर त्याच्या शाखा होतात. मुख्य चार अशा :

वनस्पतिशास्त्र म्हणजे बॉटनी. झाडे, शेवाळ, बुरशी, वनस्पतींचे वर्गीकरण, त्यांचे रोग आणि उपयोग यात येतात. आपल्या गावाच्या नावाचे एक झाड आहे, भोकर, ज्याच्या हिरव्या फळांचे लोणचे घालतात. बॉटनीत ते कॉर्डिया डायकोटोमा या नावाने भेटते. किनवट-माहूरच्या जंगलातला साग, मोह आणि पळस हा याच विषयाचा प्रांत.

प्राणिशास्त्र म्हणजे झूलॉजी. किडे, मासे, पक्षी, सस्तन प्राणी, शरीरक्रिया, अनुवंश. कापसाच्या बोंडात शिरणाऱ्या गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र, तळ्यातली मत्स्यशेती, डासांपासून होणारे आजार यांचा अभ्यास इथे होतो.

सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे मायक्रोबायोलॉजी. जिवाणू, विषाणू, बुरशी. दवाखान्याच्या लॅबमधली तपासणी, पिण्याच्या पाण्याची तपासणी, दुधाची प्रत आणि जिवाणू खते हे सगळे या विषयाशी जोडलेले आहे.

जैवतंत्रज्ञान म्हणजे बायोटेक्नॉलॉजी. पेशी, जनुके, ऊतिसंवर्धन, लस आणि औषधनिर्मिती. टिश्यू कल्चरची केळीची रोपे हे त्याचे शेतात दिसणारे उदाहरण.

प्रत्येक महाविद्यालयात चारही विषय नसतात. तालुक्याच्या ठिकाणी पर्याय कमी आणि नांदेड-लातूरला जास्त, हे ओघाने आलेच. प्रवेशाआधी एकच प्रश्न विचारा : "हा विषय तुमच्याकडे तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून शिकवला जातो का?" पहिल्या वर्षाला विषय आहे, एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका.

पात्रतेची पहिली पायरी : अकरावी

बी.एस्सी.ला बारावी विज्ञान उत्तीर्ण असावे लागते. जीवशास्त्राच्या शाखेकडे जायचे असेल तर बारावीत जीवशास्त्र ठेवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. राज्य मंडळाच्या बारावीला हा विषय १०० गुणांचा आहे : ७० लेखी, ३० प्रात्यक्षिक.

अकरावीत तीन वाटा असतात. गणित ठेवून जीवशास्त्र सोडणे, जीवशास्त्र ठेवून गणित सोडणे, किंवा दोन्ही ठेवणे. गणित सोडले तर अभियांत्रिकीची वाट अवघड होते. जीवशास्त्र सोडले तर वैद्यकीय, नर्सिंग आणि जीवशास्त्राच्या बहुतेक पदव्या दुरावतात. ज्याचे अजून काहीच ठरलेले नाही, त्याने अभ्यास झेपत असेल तर दोन्ही ठेवावेत.

बायफोकल विषयाकडे विशेष लक्ष द्या. हा विषय २०० गुणांचा असतो आणि त्याच्यासाठी दुसरी भाषा व एक विज्ञान विषय सोडावा लागतो. 'गुण सहज मिळतात' म्हणून अनेक मुले तो घेतात आणि कोणता विषय सुटला हे त्यांना बारावीनंतर समजते. अर्जावर सही करण्याआधी कागदावर सहाही विषय लिहून घ्या.

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे. म्हणजे हा निर्णयसुद्धा आता नेट सेंटरच्या खुर्चीवर होतो. अनुसूचित जातीच्या १३ टक्के आरक्षणाचा रकाना नीट भरला आहे का, तेही तिथेच पाहा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या विनियमांत अशी तरतूद आहे की, बारावीला विषय कोणताही असो, राष्ट्रीय किंवा विद्यापीठ स्तरावरची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास विद्यार्थी दुसऱ्या विद्याशाखेत जाऊ शकतो. ही तरतूद चांगली आहे. पण आपल्याकडे बी.एस्सी.चा प्रवेश सहसा बारावीच्या गुणांवर होतो, प्रवेश परीक्षेवर नाही. म्हणून तिच्या भरवशावर जीवशास्त्र सोडू नका.

दुसरी पायरी : पहिल्या वर्षाचे तीन विषय

बऱ्याच महाविद्यालयांत पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे असतात. दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर होतो, एक मायनर होतो आणि एक सुटतो. याचा सरळ अर्थ असा : जो विषय पहिल्या वर्षी घेतला नाही, तो दुसऱ्या वर्षी मेजर होत नाही. त्यामुळे मेजरची खरी निवड प्रथम वर्षाच्या प्रवेशालाच अर्धी झालेली असते.

तिसरा विषय बहुधा केमिस्ट्री असतो, आणि तो ठेवण्याचा सल्ला आम्ही देतो. जीवशास्त्राच्या कोणत्याही शाखेत पुढे गेले की रसायनशास्त्र लागतेच. बॉटनी-झूलॉजी-केमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजी-झूलॉजी-केमिस्ट्री अशा गटात दोन वाटा उघड्या राहतात.

नीट परीक्षेनंतर बी.एस्सी.ला येणाऱ्या मुलांशी एक गोष्ट मोकळेपणाने बोलायची आहे. लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत नीटचे मोठे वातावरण आहे. दोन-दोन वर्षे तयारी करून नंबर लागला नाही की मुलगा खचून येतो आणि बी.एस्सी.ला 'कुठेतरी नाव असावे' म्हणून बसतो. पहिले वर्ष वर्गात न जाता जाते. पुढे मेजर निवडताना गुण कमी आणि मन त्याहून कमी. मुलांनो, नीटसाठी केलेला जीवशास्त्राचा अभ्यास वाया जात नाही. पहिल्या वर्षाचा बराच पाया तुमचा तयार असतो. तो गुणपत्रिकेत उतरवा. मध्ये वर्ष गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

तिसरी पायरी : मेजर जाहीर करणे

दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशावेळी मेजर आणि मायनर लिहून द्यावे लागते. तेव्हा या गोष्टी तपासा :

१. पहिल्या वर्षाचे श्रेयांक पुरे आहेत का? राहिलेले विषय घेऊन दुसऱ्या वर्षात जाता येते का, याचा विद्यापीठाचा नियम कार्यालयातून लेखी किंवा छापील पाहा. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

२. ज्या विषयाची मेजर घ्यायची आहे, तो विषय स्वच्छ उत्तीर्ण झाला आहे का? प्रयोगशाळेत टेबले मोजकी असतात. मागणी जास्त झाली तर महाविद्यालय पहिल्या वर्षाच्या गुणांचा आधार घेऊ शकते. हे पहिल्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात विचारून ठेवावे.

३. अर्जाची छापील प्रत घेतली का? त्यावर मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह हे तिन्ही शब्द बोट ठेवून वाचा.

४. चूक झाली तर काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याच व्यापक विद्याशाखेत मेजर बदलण्याची मुभा आहे. ती मुदतीत आणि जागा असेल तर मिळते. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेले कोणाच्याच लक्षात राहत नाही.

५. अपार आणि एबीसी आयडी काढला का? श्रेयांक याच खात्यात जमा होतात. आधार, गुणपत्रिका आणि महाविद्यालयाच्या नोंदीत नावाचे स्पेलिंग एकच असावे.

कोणती मेजर कोणते दार उघडते?

मैत्रिणीचे बघून मेजर टाकली तर काय बिघडते, ते दोन याद्यांवरून दाखवतो.

पहिली यादी भारतीय वनसेवेची. या परीक्षेला पदवीत पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. यात मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेक्नॉलॉजी ही नावे नाहीत.

दुसरी यादी अन्न सुरक्षा अधिकाऱ्याची. अन्न सुरक्षा व मानके नियम, २०११ प्रमाणे या पदासाठी अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, तेल तंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक, जीवरसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी, अथवा रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी, अथवा वैद्यकीय पदवी चालते. यात बॉटनी आणि झूलॉजी नाहीत.

एका यादीने ज्याला आत घेतले, त्यालाच दुसरीने बाहेर ठेवले. दोन्ही मुले बी.एस्सी., दोघांचे टक्के सारखे असू शकतात. फरक फक्त विषयाचा. म्हणून मेजर निवडण्याआधी आपल्याला हव्या असलेल्या नोकरीची जुनी जाहिरात काढा आणि पात्रतेचा परिच्छेद वाचा. हे काम मोबाईलवर अर्ध्या तासात होते.

बाकीच्या वाटा थोडक्यात. शिक्षक व्हायचे असेल तर बी.एस्सी.नंतर बी.एड. आहे. त्याला पदवीत खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के आणि महाराष्ट्रातील मागासवर्गीयांसाठी ४५ टक्के लागतात. एम.एस्सी.साठी विद्यापीठाच्या विष्णुपुरी परिसरात जीवशास्त्र संकुल आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी आणि आयआयटीसारख्या संस्थांसाठी जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आहे. एम.एस्सी.ला बहुतेक ठिकाणी पदवीतला विषय पाहतात, हे लक्षात ठेवा. संशोधनासाठी सीएसआयआर-नेटची लाइफ सायन्सेसची परीक्षा आहे. तिथे चारही शाखांची मुले एकाच पेपरला बसतात. एम.एस्सी.ला सर्वसाधारण प्रवर्गाला ५५ आणि अनुसूचित जातीला ५० टक्के गुण लागतात.

चार वर्षांची ऑनर्स विथ रिसर्च पदवी घ्यायची असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर एम.एस्सी. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र होता येते आणि अनुसूचित जातीला तिथे ५ टक्क्यांची सवलत आहे. याचा हिशोब पहिल्या सत्रापासून सुरू होतो.

बारावीला असलेल्या हुशार मुलांना पुण्याच्या आयसरचे नावही सांगा. तिथे बी.एस.-एम.एस. असा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्यासाठी आयसरची स्वतःची अभियोग्यता चाचणी असते. आपल्या तालुक्यात हे नाव फार थोड्या घरांत पोहोचले आहे.

'बेडूक कापावा लागतो का?'

हा प्रश्न आम्हाला आई-वडील विचारतात. पंचशील मानणाऱ्या घरात तो साहजिक आहे. काही मुलींची झूलॉजी या एका कारणावर सुटली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर स्तरावर विच्छेदन बंद करण्याची अधिसूचना काढली. आता तक्ते, मॉडेल, संगणकावरचे चित्रण आणि जतन केलेले नमुने यांवर भर असतो. तेव्हा या भीतीने विषय सोडू नका.

प्रॅक्टिकल मात्र सोडता येत नाही. जीवशास्त्राची मेजर म्हणजे आठवड्यातल्या अनेक दुपारी प्रयोगशाळेत. गावाकडून एसटीने किंवा मुदखेड-आदिलाबाद मार्गाच्या रेल्वेने ये-जा करणाऱ्या मुलांनी परतीची वेळ आधी पाहावी. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली की परीक्षा आणि शिष्यवृत्ती दोन्ही अडतात.

पैसा आणि कागद

घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला महाडीबीटीवरून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची फ्रीशिप आहे. अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो.

एक नियम मेजरशी थेट जोडलेला आहे. एक पदवी पूर्ण केल्यावर त्याच पातळीची दुसरी पदवी करायला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. म्हणजे चुकीच्या विषयात बी.एस्सी. झाली आणि मग पुन्हा पहिल्यापासून दुसरी बी.एस्सी. करू म्हटले, तर तो खर्च घरावर येतो. मजुरी करणाऱ्या घराला तो परवडत नाही.

वसतिगृहात नंबर लागला नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. राहणे, जेवण आणि साहित्य यांसाठीची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते आणि ती शहरानुसार कमी-जास्त असते. गुणांची, उत्पन्नाची आणि अंतराची अट समाज कल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयातून त्या वर्षाची ताजी घ्या. बारावी बोर्डात राज्यात वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजार रुपयांची आहे. पुढे पीएच.डी.ला पुण्याच्या बार्टी संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे.

आता कागद. केंद्राने १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना सवलती लागू केल्या. तरीही दाखल्यात अडचण येते, कारण घरात एकाच्या टीसीवर 'हिंदू महार', दुसऱ्याच्या 'बौद्ध' आणि तिसऱ्याच्या 'नवबौद्ध' असते. फक्त 'बौद्ध' नोंद असेल तर वडील किंवा आजोबांची मूळ जात दाखवणारा शाळेचा किंवा महसुली पुरावा जोडावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही वास्तव्याची मानीव तारीख आहे. त्याआधीचा पुरावा आजोबांच्या पेटीत असतो, तो आत्ताच शोधा.

जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावी विज्ञानात असतानाच महाविद्यालयामार्फत करा. साध्या बी.एस्सी.ला ते लागले नाही तरी व्यावसायिक प्रवेशाला आणि नोकरीला लागतेच. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र अनुसूचित जातीला लागत नाही. कोणी मागितले तर नम्रपणे नियम विचारा.

शिक्षण मध्येच थांबले तर

लग्न, आजारपण, ऊसतोडीचा हंगाम, पुण्यातली कंपनी. शिक्षण सुटण्याची कारणे आम्हाला पाठ झाली आहेत. नव्या रचनेत पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र (४० ते ४४ श्रेयांक) आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका (८० ते ८८ श्रेयांक) घेऊन बाहेर पडता येते. त्यासाठी ४ श्रेयांकांचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप जादा करावी लागते. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते.

ही सोय कामाची आहे, पण तिच्याकडे सोय म्हणूनच पाहा. एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर वर दिलेल्या दोन्ही याद्यांतले एकही दार उघडत नाही. थांबलेल्या मुलीला सात वर्षांची आठवण करून देणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

विहारातून काय करता येईल?

मोठ्या कार्यक्रमाची गरज नाही. दरवर्षी तीन रविवार द्या. दहावीच्या निकालानंतरचा पहिला रविवार : अकरावीचे विषय कागदावर लिहून पाहणे. बारावीच्या निकालानंतरचा दुसरा : पहिल्या वर्षाचे तीन विषय ठरवणे आणि महाविद्यालयाला विचारायचे प्रश्न तयार करणे. बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या निकालानंतरचा तिसरा : मेजर आणि मायनर. तिन्ही वेळी गावातला एखादा बी.एस्सी. झालेला मुलगा किंवा मुलगी समोर बसवा. त्यांनी केलेल्या चुका ऐकणे कोणत्याही भाषणापेक्षा उपयोगी पडते.

आणि जमले तर अर्ज भरताना नेट सेंटरवर सोबत जा. चालक दादा पुन्हा विचारेल, "ताई, मेजर कोणतं टाकू?" त्या वेळी मुलीने मागे न बघता स्वतः उत्तर द्यावे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

जय भीम.